पत्तेदार

निपाणीत वाढताना गुप्तहेर म्हणजे माझ्यासाठी बाबूराव अर्नाळकरांचा धनंजय. वाचनालयातल्या प्रतीचं शेवटचं पान कुणी फाडून नेलेलं असलं की खुनी कोण या विचाराने रात्रभर झोप लागायची नाही. पुढे कन्नड वाचता येऊ लागलं आणि शेजारच्या घरात एन. नरसिंहय्यांचा ‘पत्तेदार पुरुषोत्तम’ भेटला. पत्ता लावतो तो पत्तेदार, एवढं कुणी सांगावं लागलं नाही.

खरा तपास पहिल्यांदा पाहिला तो तंबाखूच्या वखारीत चोरी झाली तेव्हा. फौजदारांनी कुलूप न्याहाळलं, भिंतीपासूनचं अंतर टेपने मोजून घेतलं, रायटरने पंचनामा लिहिला, पंचांनी सह्या केल्या. यात थरार कसला? पण हे मोजणं आणि लिहून ठेवणंच पुढे कोर्टात टिकतं, हे वय वाढल्यावर समजलं.

२०१३ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. १६ फेब्रुवारी २०१५ ला कोल्हापुरात कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरेंवर गोळ्या झाडल्या, चार दिवसांनी ते गेले. त्यांचं ‘शिवाजी कोण होता?’ आम्ही सीमाभागातल्या पोरांनी हातोहात वाचलं होतं. त्याच वर्षी ३० ऑगस्टला धारवाडला कन्नड संशोधक एम. एम. कलबुर्गींना राहत्या घरी मारलं. कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, धारवाड, सगळी गावं एकाच महामार्गावरची. सप्टेंबर २०१७ मध्ये बंगळूरला पत्रकार गौरी लंकेश.

त्यानंतर गौरी लंकेश यांच्या खुनाच्या तपासासाठी नेमलेल्या कर्नाटकाच्या विशेष तपास पथकाची प्रत्येक बातमी मी दोन्ही भाषांतल्या पेपरांत शोधत असे. कन्नडमध्ये तनिखाधिकारी, मराठीत तपास अधिकारी. पथकाचे प्रमुख बी. के. सिंग, तपास अधिकारी एम. एन. अनुचेत. धनंजयसारखा इथे कुणी एकटा नव्हता. कलबुर्गी आणि गौरी लंकेश यांच्यावरच्या गोळ्या एकाच ७.६५ मिमी देशी पिस्तुलातल्या, हे न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गोळ्या आणि रिकामी काडतुसं ताडून पाहिल्यावर कळलं. पिस्तुलाचा सराव आमच्या खानापूर तालुक्यात झाल्याचा आरोप पथकाने ठेवला, तेव्हा मी हादरलो. उन्हाळ्यात करवंदं खायला आम्ही त्याच तालुक्यातल्या रानांत जायचो.

सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कलबुर्गींचा तपासही याच पथकाकडे दिला. तोवर साडेतीन वर्षं उलटली होती. संशयित राज्याची हद्द सहज ओलांडतात. पोलिसांना मात्र पलीकडे पाऊल टाकताना कागद, परवानगी लागते आणि पकडलेल्याला इकडे आणायला कोर्टाचा ट्रान्झिट रिमांड. या चारही खुनांना सुरुवातीपासून एकच तपास पथक मिळायला हवं होतं, असं मला आजही तळमळून वाटतं.