तळाच्या समासातील नाव

मनगटाला काळा दोरा बांधलेला तो लहान मुलीचा हात मी ओळखला नसता, तर या प्रकरणाचा मला पत्ताही लागला नसता, आणि कदाचित तेच बरे झाले असते. २०१८ च्या जून महिन्यात, कोल्हापुरात, नातवासाठी वह्या घ्यायला म्हणून मी एका पुस्तकांच्या दुकानात गेलो होतो. दुकानदार गठ्ठा सोडीपर्यंत समोर पडलेले गणिताचे एक 'मार्गदर्शक' मी सहज चाळू लागलो, आणि त्याच्या मधोमध, ओळीने बारा पृष्ठे, मला भाकऱ्या दिसल्या. अर्धी भाकरी, पाव भाकरी, तीन सारख्या तुकड्यांची भाकरी, सहा तुकड्यांची भाकरी. आणि तिसऱ्या हिश्शावर बोट ठेवणारा तो हात, तो काळा दोरा, नखाच्या कडेला लागलेली निळी शाई, सगळे जसेच्या तसे. नाव तेवढे नव्हते. किंमत नव्वद रुपये होती, ती मी मुकाट्याने दिली.

मागचा वृत्तान्त थोडक्यात सांगतो. अध्यापक विद्यालयातील एकतीस वर्षांच्या नोकरीत पाठनिरीक्षणाच्या निमित्ताने मी शेकडो प्राथमिक शाळांची कपाटे पाहिली होती, आणि प्रत्येक कपाटात कोणा गुरुजींनी किंवा बाईंनी रात्री जागून केलेले तक्ते, पत्ते, खेळ, गोष्टींच्या वह्या धूळ खात पडलेल्या आढळत. करणाऱ्याची बदली झाली की त्या वस्तूंचा वाली नाहीसा होई, आणि दहा मैलांवरच्या शाळेत दुसरी कोणी बाई नेमकी तीच वस्तू पहिल्यापासून करीत बसलेली असे. निवृत्तीनंतर २०१४ साली, पुण्यात संगणकाच्या कंपनीत नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याला हाताशी धरून आणि एका न्यासाकडून थोडे द्रव्यसाहाय्य मिळवून, शिक्षकांनी एकमेकांचे साहित्य मोकळेपणाने घ्यावे, बदलावे, त्यावर बोलावे, भांडावेही, असा एक मंच इंटरनेटवर उभारण्याचा उद्योग मी आरंभिला. कल्पना माझी नव्हे. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाने आपले अभ्यासक्रम जगाला फुकट खुले करण्याची घोषणा २००१ साली केली होती, 'मुक्त शैक्षणिक संसाधने' ही संज्ञा युनेस्कोच्या पॅरिसमधील बैठकीत २००२ साली रूढ झाली होती, आणि केंद्र सरकारने असे एक राष्ट्रीय भांडार २०१३ मध्ये उघडलेही होते; परंतु माझ्या परिचयाच्या शिक्षकांपैकी एकही तिकडे फिरकत नव्हता, कारण भांडारात वस्तू असते, माणूस नसतो. मला भांडार नको होते, चावडी हवी होती.

चावडी बांधताना आलेल्या विघ्नांपैकी एकच सांगतो, कारण ते विनोदी आहे. पहिल्या महिन्यात आलेल्या चाळीस-पन्नास धड्यांपैकी निम्मे उघडताच पडद्यावर निव्वळ इंग्रजी अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा चुरमुरा दिसे. लोकांनी वर्षानुवर्षे श्रीलिपी आणि कृतिदेव या जुन्या टंकांत टाइप केलेले ते साहित्य होते. भाचा म्हणाला, "मामा, हे मुळात मराठी नाहीच. इंग्रजी अक्षरांना मराठीचे मुखवटे घातलेत. मुखवटा ज्याच्या संगणकावर नाही, त्याला आतला चेहरा दिसतो." ते सगळे युनिकोडमध्ये आणण्यात पहिला पावसाळा गेला, आणि र-काराचे व रफाराचे काही घोटाळे अखेरपर्यंत राहिलेच. आणखी एक गोष्ट ओघाने आली आहे म्हणून कबूल करतो. ज्या मंचावर ज्ञानाची देवघेव व्हावी म्हणून आम्ही झटलो, तेथे सर्वांत अधिक उतरवून घेतली जाणारी वस्तू कोणती, तर दैनंदिन टाचण. वर्गात काय शिकवावे यापेक्षा, तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा मारू नये म्हणून टाचणवहीत काय लिहावे, याची चिंता माणसाला अधिक असते. त्यात त्या माणसाचा दोष आहे, असे मला आता वाटत नाही, तेव्हा वाटत असे.

खरा वाद झाला तो परवान्यावरून. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यांतून आम्हांला एक निवडायचा होता, आणि ज्यात नाव दिले पाहिजे, बदल खुशाल करावेत, विक्रीही करावी, मात्र बदललेली वस्तूसुद्धा तितक्याच मोकळीकीने पुढे द्यावी, अशा अटी आहेत, तो परवाना मी हट्टाने निवडला. विक्रीला मनाई करणारा परवाना घ्यावा, असे अनेकांचे म्हणणे होते. मी त्यांना समजावले की, तशी मनाई केली तर आपले साहित्य मराठी विकिपीडियालाही घेता येणार नाही, खेड्यातला झेरॉक्सवाला दोन रुपये घेऊन पाने काढून देतो तोही गुन्हेगार ठरू शकेल. ज्ञान हे गावच्या गायरानासारखे असावे, ज्याची गुरे त्याने चारावीत. त्यावर मागच्या बाकावरून एका गुरुजींनी विचारले, "सर, आमच्या गावचं गायरान बघायला कधी येताय? त्यावर सरपंचाच्या पुतण्याचं मंगल कार्यालय झालंय." सगळे हसले. मीही हसलो, आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलो. तेथे थांबायला हवे होते.

त्या सभेला भाकऱ्यांच्या बाईही होत्या. घाटाच्या कडेच्या एका द्विशिक्षकी शाळेत त्या तिसरी-चौथीला शिकवीत. अपूर्णांक शिकविताना सगळीकडे केक किंवा पिझ्झा कापला जातो आणि ज्या मुलांनी केक पाहिलेला नाही, ती त्या चित्राकडे परक्यासारखी पाहत राहतात; बाईंनी पुठ्ठ्याच्या भाकऱ्या केल्या. त्यात वरकरणी विशेष काही नाही. विशेष होते ते तीन भाग करण्यात. वर्तुळाचे दोन, चार, आठ भाग निम्म्या-निम्म्या घड्या घालून होतात, तीन तसे होत नाहीत, आणि बहुतेक शिक्षक तेथे अंदाजाने रेघ मारतात. बाई तव्याच्या कडेभोवती सुतळी गुंडाळीत, ती सुतळी मोजून तिची तिहेरी घडी घालीत, घडीच्या खुणा परत तव्याच्या कडेला लावीत आणि तेथून मध्याकडे रेघा ओढीत. आणि हे सर्व मुलांच्या हातून करवीत, म्हणजे 'एक तृतीयांश' हा शब्द कानावर पडण्यापूर्वी तो बोटांना ठाऊक झालेला असे. घरी, रात्री, स्वतःच्या मुलीचा हात धरून त्यांनी या प्रत्येक पायरीची छायाचित्रे काढली, खाली दोन-दोन ओळी लिहिल्या आणि बारा पाने आमच्याकडे पाठविली. आमच्या मंचावरची, माझ्या मते, ती सर्वोत्कृष्ट वस्तू होती. बीडच्या एका गुरुजींनी तिचे बाजरीच्या भाकरीत रूपांतर केले आणि गोव्याहून कोणी पोळ्यांत. प्रत्येक रूपांतराखाली मुळापर्यंतची वंशावळ दिसावी, अशी सोय भाच्याने केली होती, आणि त्या वंशावळीच्या शेंड्याला बाईंचे नाव असे.

पाने पाठविताना बाईंनी मला विचारले होते, "सर, नाव मोठं येईल ना?" मी त्यांना, आज लिहिताना लाज वाटते अशा सुरात, निष्काम कर्मावर चार वाक्ये ऐकविली होती.

दुकानातून घरी आल्यावर मी आमची मूळ पाने छापून काढली आणि मार्गदर्शकातल्या पानांशेजारी ठेवली. आमच्या प्रत्येक पानाच्या शिरोभागी मंचाची मुद्रा होती, एक समई, चांगली अंगठ्याएवढी. न्यासाची तशी इच्छा होती, आणि माझीही. बाईंचे नाव आणि परवान्याचा उल्लेख तळाच्या समासात, फिकट करड्या, बारीक अक्षरांत होता. प्रकाशकाने वरची समई पुसून टाकली होती, ती पुसण्यासाठी कोणाला तरी मुद्दाम बसावे लागले असेल, आणि एका पानावर तर तिची ज्योत राहून गेलेली दिसत होती. बाईंचे नाव मात्र कोणाला पुसावेही लागले नव्हते. पुस्तकाचा आकार लहान, म्हणून तळाचा समास कातरीत गेला होता. ही मांडणी माझ्या मंजुरीने झाली होती.

त्या वेळी हे मी कोणाला बोललो नाही. त्या वेळी मी प्रक्षुब्ध होतो. एका वकील स्नेह्यांच्या साहाय्याने मसुदा तयार करून, मंचाच्या नाममुद्रित कागदावर, मी प्रकाशकाला नोटीस धाडली. तीन आठवड्यांनी त्यांच्या वकिलाचे उत्तर आले. भाषा अत्यंत विनयशील होती. उल्लेख नजरचुकीने राहिला, त्याबद्दल दिलगिरी. पुढील आवृत्तीत तो सौजन्यपूर्वक करण्यात येईल. परंतु, असे पुढे म्हटले होते, सदर शिक्षिका ही जिल्हा परिषदेची सेवक असून, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ अन्वये सेवेच्या ओघात निर्माण केलेल्या कृतीचा प्रथम मालक हा नियोक्ता असतो. सबब तिला परवाना देण्याचा अधिकार कोठून प्राप्त झाला, आणि तसा परवाना देण्यापूर्वी तिने सक्षम अधिकाऱ्याची अनुमती घेतली होती काय, याचा खुलासा व्हावा.

त्या 'खुलासा व्हावा' या दोन शब्दांवर मी आजवर जितका विचार केला, तितका क्वचितच कशावर केला असेल. वकील स्नेही म्हणाले, हा युक्तिवाद टिकणारा नाही. घरी, रात्री, स्वतःच्या तव्यावर केलेले काम सेवेच्या ओघातले की नाही, हाच मुळी वादाचा विषय आहे, आणि मालक जिल्हा परिषद ठरली तर चोरी जिल्हा परिषदेची झाली, एवढेच. प्रकाशक त्यातून सुटत नाही. हे सर्व मला पटले. परंतु मी पत्राची प्रत कर्तव्यबुद्धीने बाईंनाही पाठविली होती, आणि त्यांनी त्यातला युक्तिवाद वाचलाच नाही, त्यांनी 'सक्षम अधिकाऱ्याची अनुमती' एवढेच वाचले. त्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला. आवाज खाली होता, पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. बदलीचे वर्ष होते. कोणी अर्ज केला, कोणी चौकशी लावली, तर? अठरा वर्षांच्या नोकरीत एकही प्रतिकूल शेरा नाही, तो या भाकऱ्यांपायी लागायचा? मी धीर देऊ लागलो, तेव्हा त्यांनी मला मध्येच थांबवून सरळ प्रश्न केला, "सर, तो परवाना परत घेता येतो का?"

नाही, असे मला सांगावे लागले. तो परवाना एकदा दिला की परत घेता येत नाही. हेच तर त्याचे सामर्थ्य, असे मी सभांतून सांगत आलो होतो.

"मग निदान माझं नाव काढा."

हे मात्र करता येत होते. मूळ कर्त्याने मागणी केली तर त्याचे नाव, शक्य तितके, काढून टाकले पाहिजे, असे त्या परवान्याच्या अटींतच आहे. ते कलम मी त्या रात्री प्रथमच नीट वाचले. याच अटींत, ज्याने भंग केला त्याने तो ध्यानात आल्यापासून तीस दिवसांत दोष सुधारला तर त्याचे हक्क आपोआप परत मिळतात, अशीही एक सवलत आहे, म्हणजे चोराला तीस दिवसांत साव होता येते. दुसऱ्या दिवशी भाच्याने बाईंचे नाव बारा पानांच्या तळातून आणि सगळ्या वंशावळींच्या शेंड्यावरून काढले. प्रकाशकाने जे कातरीने केले होते, तेच आम्ही रीतसर, कलमान्वये केले.

पुढल्या वर्षी मार्गदर्शकाची नवी आवृत्ती आली. प्रकाशकाने शब्द पाळला होता. शेवटच्या पृष्ठावर 'सौजन्य' या मथळ्याखाली आमच्या मंचाचे नाव छापले होते, कारण नोटिशीच्या कागदावर तेच ठळक होते. मी बाईंना कळविले. "तुमचं नाव तरी आलं, सर," त्या म्हणाल्या. त्यात उपरोध होता की नव्हता, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. त्या मनाने फार सरळ आहेत.

दरम्यान २०१७ मध्ये सरकारचे 'दीक्षा' हे शैक्षणिक व्यासपीठ इंटरनेटवर सुरू झाले होते, पाठ्यपुस्तकांच्या पानांवर क्यूआर कोड छापून येऊ लागले, आणि आमच्या चावडीवरची वर्दळ ओसरत गेली. तिची खंत करण्याचे कारण नाही, जे काम सरकारने हाती घेतले ते आमच्यासारख्यांनी सोडावे हेच ठीक. टाचणांचा विभाग मात्र अजून चालतो. माझे स्वतःचे मत विचाराल, तर परवाना आज पुन्हा निवडायचा झाला तरी मी तोच निवडीन. विक्रीला मनाई केली असती म्हणून हा प्रकाशक थांबला असता, असे समजणे भाबडेपणाचे आहे, आणि बीडच्या गुरुजींची बाजरीची भाकरी मला गमवायची नाही. हे मी ठामपणे म्हणतो, आणि म्हणताना त्या दिवशीची कुकरची शिट्टी आठवते व ठामपणा जरा सैल होतो. जे कोणी असा उद्योग नव्याने करू पाहत असतील, त्यांना एवढेच सांगेन की, मुद्रा तळाला घाला आणि माणसाचे नाव शिरोभागी, मोठ्या अक्षरांत. आणि शिक्षकाकडून परवान्याच्या चौकटीत खूण करवून घेण्यापूर्वी त्याच्या वरिष्ठांचे एक ओळीचे अनुमतिपत्र दप्तरी ठेवा, मग ते कायद्याने आवश्यक असो वा नसो. निष्काम कर्मावर कृपा करून बोलू नका.

हा लेख लिहून झाल्यावर मी बाईंना फोन केला. आता त्या मुख्याध्यापिका आहेत, ती मुलगी बारावीला आहे. लेखात तुमचे पूर्ण नाव, गाव, शाळा, सगळे घालू का, निदान येथे तरी ते मोठ्या अक्षरांत छापून येऊ दे, असे मी विचारले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "नको सर. माझी दोन वर्षं राहिलीत."