लव

मखमल कापायची वेळ आली की आई पंखा बंद करायची आणि आम्हा मुलांना बाहेर पिटाळायची. साताऱ्यातलं दोन खोल्यांचं घर, पायाचं शिलाई मशीन, लग्नसराईत आळीभरच्या ब्लाउजांचा ढीग. कात्री लावण्याआधी ती कापडावरून तळहात फिरवे. एका बाजूने हात अलगद सरकायचा, उलट फिरवला की लव उभी राहायची आणि रंग गडद व्हायचा. पुढचा भाग एका दिशेने आणि पाठ दुसऱ्या दिशेने कापली गेली, तर एकाच ब्लाउजाचे दोन रंग दिसतात. ही चूक तिच्या हातून एकदाच झाली. त्या कापडाचे पैसे तिने चार महिने फेडले. तेव्हापासून प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर खडूचा एक बाण असे.

तो बाण मला पुन्हा भेटला तिशी उलटल्यावर, म्युनिकमध्ये. ऑफिसातल्या मित्रांनी स्की टूरिंगला ओढलं होतं. म्हणजे पाळणा-बिळणा नसलेला डोंगर स्कीवरून आपल्याच पायांनी चढायचा आणि मग घसरत उतरायचा. घसरायच्या फळीवर चढायचं कसं, हा माझा साधा प्रश्न. दुकानदाराने उत्तरादाखल दोन लांब केसाळ पट्टे हातात ठेवले आणि म्हणाला, ‘फेल’. आमच्याकडे फेल म्हणजे नापास. जर्मनमध्ये जनावराचं केसाळ कातडं. पूर्वी खरोखरच सीलचं कातडं लावत. हेमिंग्वे १९२५च्या हिवाळ्यात ऑस्ट्रियातल्या श्रुन्सला राहून सिल्व्रेट्टाच्या हिमनद्या चढला, तो सीलच्याच कातड्यांवर. आता अंगोरा बकरीचे केस, नायलॉन किंवा दोन्हींचं मिश्रण असतं आणि मागे गोंद. पट्टा स्कीच्या तळाला चिकटवायचा, लव शेपटीकडे. बूट फक्त चवड्याशी अडकवलेला, टाच मोकळी. पाय पुढे सरकवला की लव निजते. भार टाकला की तेच केस बर्फात रुततात आणि माणूस मागे घसरत नाही. मी दुकानातच पट्ट्यावरून तळहात फिरवला. दुकानदाराला वाटलं, दर्जा तपासतोय.

पुढे स्वतःचे पट्टे घेतले, त्या हिवाळ्यात आई आमच्याकडे आली होती. नवा पट्टा स्कीपेक्षा रुंद असतो. तो स्कीवर चिकटवून असा कापायचा, की दोन्ही कडांची पोलादी धार जराशी उघडी राहील. नाहीतर कडक बर्फात धार रुतत नाही. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कटर घेऊन बसलो. पहिली कड नागमोडी झाली. आई कणीक मळता मळता थांबली, हात धुऊन आली, पट्ट्यावरून हात फिरवला. ‘अरे, ही तर मखमलच की. दोन्हीची लव एकीकडे आहे ना, ते बघ आधी.’ मग दुसरा पट्टा तिनेच कापला, एका दमात. डोंगर कुठला, किती उंच, हे तिने विचारलंही नाही.

तिला जाऊन आता तीन वर्षं झाली. त्या पट्ट्यांचा गोंद कधीचाच म्हातारा झालाय. नवे घे, असं सगळेच सांगतात.

गेल्या एप्रिलमध्ये लेकीबरोबर सिल्व्रेट्टात गेलो. ती स्प्लिटबोर्डवाली. हा स्नोबोर्ड उभा दुभंगतो: चढताना दोन रुंद स्की, माथ्यावर जोडून पुन्हा एक फळी. आतल्या कडा सरळ, बाहेरच्या गोलसर, म्हणून त्याचे पट्टे डावे-उजवे वेगळे. विस्बाडनर ह्युट्टे या डोंगरातल्या मुक्कामघराहून, २४४३ मीटरवरून, पहाटे हेडलॅम्प लावून निघालो. एप्रिलमध्ये रात्री गोठलेला बर्फ ऊन चढताच मऊ होतो, मग ओला होऊन घसरायला लागतो; त्याआधी परतायचं असतं. कडक उतारावर आडवं जाताना लेकीच्या रुंद फळ्या सारख्या निसटत होत्या, ती जर्मनमध्ये शिव्या देत होती. मराठीत तिला तेवढ्या येत नाहीत, ही माझीच हयगय.

ओबरं ओक्सनशार्टं या खिंडीखाली माझा उजवा पट्टा शेपटीकडून सुटला आणि गोंदात बर्फ शिरला. आदल्या दिवशी तो ओला झाला होता, मी नीट वाळवला नव्हता. ‘बाबा, रात्री कुशीत घेऊन झोपायचं ना!’ लेक म्हणाली. ही थट्टा नव्हे. गार गोंद चिकटत नाही, म्हणून लोक पट्टे जॅकेटच्या आत पोटाशी ठेवतात. ओक्सनशार्टं म्हणजे बैलखिंड, आणि गाडीला दोरी बांधावी तशी मी स्कीला चिकटपट्टी गुंडाळत बसलो होतो. शेवटचा खडकाळ कणा स्की खालीच रोवून, दोर बांधून चढलो. ड्रायलेंडरश्पिट्झं, ३१९७ मीटर. टिरोल, फोरार्लबेर्ग आणि स्वित्झर्लंडचं ग्राउब्युंडन इथे एकमेकांना टेकतात. वारा फार होता, पाच मिनिटं थांबलो. उतरणं झकास झालं. पण उतरण्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत.

दुपारी ह्युट्टेच्या वाळवणाच्या खोलीत आकड्यांवर वीस-पंचवीस पट्टे लोंबत होते, सगळे काळे, ओल्या कुत्र्याच्या वासाचे. आमचे शोधायला लेकीला पाठवलं. ती हात फिरवत गेली आणि एका जोडीशी थांबली.

‘एक सरळ, एक वाकडी,’ ती म्हणाली. ‘वाकडी तुझी ना?’