गुडघ्याला बाशिंग

लग्नाला उतावीळ झालेला तरुण गुडघ्याला बाशिंग बांधून बसतो, असे आपल्याकडे म्हणतात. आमच्या गुडघ्याला बाशिंग चढले ते मात्र सत्तरीत, इंदूरच्या एका इस्पितळात. मांडीच्या व नडगीच्या हाडांत बारीक सळ्या रोवून त्यांवर चकाकणारे गोळे बसवितात. त्यांवरून कॅमेरा पायाची प्रत्येक हालचाल टिपतो.

यंत्रमानव म्हणताच आम्ही भ्यालो होतो. आजवर माणसांच्या स्वाधीन केलेला हा देह पोलादाच्या स्वाधीन कसा करावा? शल्यविशारद हसून म्हणाले, "काका, करवत मीच चालवितो. सी. टी. स्कॅनवरून आखलेल्या मर्यादेबाहेर यंत्राचा बाहू ती जाऊ देत नाही, इतकेच." म्हणजे यंत्राचे काम पराक्रमाचे नव्हे, संयमाचे! आमची निम्मी भीती ओसरली. "मग गुडघा अधिक वर्षे टिकेल?" आम्ही विचारले. गृहस्थ प्रामाणिक निघाले. "काप अधिक अचूक येतात, हे खरे. टिकण्याचे अजून सिद्ध व्हायचे आहे."

आज आम्ही काठीवाचून जिना उतरतो. मात्र जमिनीवर मांडी घालून बसावयाचे नाही, अशी सक्त ताकीद आहे. परवा श्रावणी सोमवारचा उपास सोडावयास घरची पंगत पाटांवर बसली, आणि आम्ही तेवढे खुर्चीवर, सर्वांहून उंच व एकटे. इतक्यात धाकट्या नातवाने आपले ताट उचलले, स्टूल ओढले आणि मुकाट्याने आमच्या शेजारी येऊन बसला.

आम्ही भात कालविण्यात गर्क असल्यासारखे दाखविले.