वाफसा येईपर्यंत

2012-13 च्या दुष्काळात आमची जनावरं छावणीत होती. त्यामुळे पुढच्या पावसाळ्यात विहिरीला पाणी आलं आणि पारनेरच्या पठारावरच्या आमच्या वस्तीवर ज्वारी पुरुषभर उभी राहिली, तेव्हा घरात त्या पिकाबद्दल कुणी मोठ्यानं बोलत नसे. दृष्ट लागेल म्हणून. ज्वारीच्या खालच्या अंगाला गव्हाचा तुकडा, त्याला लागून गावरान कांदा, वरच्या रानात हरभरा. 2014 ची महाशिवरात्र 27 फेब्रुवारीला होती. त्याच सुमाराला आभाळ भरून यायला लागलं आणि मार्च निम्मा सरला तरी त्याची ये-जा थांबली नाही.

गारा पडल्या त्या दुपारी. पडवीच्या पत्र्यावर एवढा आवाज, की आम्हाला एकमेकांची तोंडं हलताना दिसत होती, शब्द कळत नव्हता. वासरू बाहेर लिंबाखाली बांधलेलं होतं. तात्या डोक्यावर घमेलं उपडं धरून धावले आणि त्याला ओढत आत घेऊन आले. त्या घमेल्याचे पोचे अजून तसेच आहेत. पाऊण तासाचाही खेळ नव्हता. बाहेर आलो तर सारवलेलं अंगण पांढरं, आणि उताराला गारांचा ढीग घोट्याच्या वर. पोरांनी पातेलंभर गारा गोळा केल्या, वर लिंबू पिळलं, साखर घातली. एरवी आई ओरडली असती. त्या दिवशी नुसती बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधाच्या सावलीला गारा तशाच होत्या. चिंचेखाली साळुंक्या मरून पडल्या होत्या, दोन-चार पोपटही. ज्वारी आडवी झाली होती. कांद्याची पात फाटून जमिनीला चिकटलेली. हरभऱ्याचे घाटे फुटून दाणे चिखलात.

लोक नुकसानाबद्दल विचारतात, आणि ते सांगता येतं. सांगायला अवघड आहे ते त्यानंतरचं नुसतं बसून राहणं. रानात पाय टाकला की पिंढरीपर्यंत चिखल. कांदा काढावा तर वाफसा नाही, ज्वारी उपटावी तर कणसं ओली. थोडं ऊन पडलं की तात्या ढेकूळ हातात दाबून बघायचे, आणि संध्याकाळी पुन्हा गडगडायचं. नगर जिल्ह्यातला माणूस मार्चमध्ये उन्हाची वाट बघत बसतो, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आजी तर दिवसातून चारदा ओट्यावर येऊन पश्चिमेकडे बघायची आणि सुनांना सांगायची, "वाळवणं काढू नका गं अजून."

वीज गेली होती. मोबाइल चार्ज करायला चुलतभाऊ गावात जायचा. सरपण ओलं, गोवऱ्या ओल्या. चुलीपुढं फुंकून फुंकून आई-काकूंचे डोळे लाल व्हायचे. रात्री थंडी इतकी, की पेटीत गेलेल्या गोधड्या परत काढल्या.

गारा उन्हाळ्याच्या तोंडावरच का पडतात, हे मी नंतर वाचलं. जमीन तापायला लागलेली असते आणि उत्तरेकडून पश्चिमी विक्षोभाबरोबर आलेली थंड हवा वर बसलेली असते. तापलेली हवा जोरात चढते, थेंबांना पाणी गोठतं त्या उंचीपलीकडे नेते, आणि गारेवर बर्फाचे थर चढत जातात. या दिवसांत ती उंची पावसाळ्यापेक्षा कमी असते, म्हणून गार वितळायच्या आत जमीन गाठते. त्या साली हा प्रकार विदर्भ-मराठवाड्यापासून सोलापूर-नाशिकपर्यंत झाला. हे कळून कांदा काही वाचला नसता म्हणा.

ऊन नाही ते नाही, त्यात पंचनाम्याची वाट. पडलेल्या पिकाला हात लावला तर दाखवणार काय, म्हणून नाना कुणाला रानात जाऊ देत नव्हते. तात्यांचं म्हणणं, सडतंय ते तरी बाजूला काढू द्या. दोघा भावांची यावरून रोज बाचाबाची. 5 मार्चला लोकसभेची निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागली होती. मदतीला निवडणूक आयोगाची परवानगी लागणार, असं पेपरात येत होतं. शेवटी पंचनामा झाला. बांधावर उभं राहून, नावं आणि गट नंबर लिहून, चहा न घेता मंडळी पुढच्या वस्तीवर गेली. त्यांच्याकडे तरी किती वस्त्या होत्या!

होळी 16 मार्चला आली. होळी जळाली की थंडी पळाली, असं आपण म्हणतो. त्या वर्षी होळी पेटवायलाच रॉकेल लागलं. पुरणपोळी झाली, मागल्या वर्षीच्या डाळीची. नैवेद्य दाखवून आजी घरात आली आणि म्हणाली, "आता जा म्हणावं त्या थंडीला." तिची आज्ञा लगेच कुणी मानली नाही, पण त्या आठवड्यात आभाळ फाटलं आणि ऊन पडायला लागलं.

मग मात्र दम घ्यायला फुरसत नव्हती. कांदा काढला. वरून बरा दिसायचा, मानेला दाबलं की बोट आत जायचं. असला माल चाळीत महिनाभरही टिकत नाही. दाबून बघायचं काम आजीनं स्वतःकडे घेतलं. तिच्या हातून सुटलेला तेवढाच चाळीत गेला. बाकीचा मिळेल त्या भावात नगरला नेप्तीच्या बाजारात. गहू बारीक, सुरकुतलेला निघाला. हरभरा बियापुरताही नाही.

ज्वारी काळी पडली. ती व्यापारी घेईना, कडबाही काळपट. जनावरं आधी हुंगायची, मग नाइलाजानं खायची. दाणा आईनं दोन पाण्यांतून धुऊन, पडवीच्या पत्र्यावर वाळवून, दळून आणला. भाकरी करड्या रंगाची व्हायची, चवीला किंचित कडसर. पाडव्याला पुण्याहून आत्याकडचे पाहुणे आले. ताटातली भाकरी मोडून एकानं विचारलं, "एवढ्या उन्हाळ्यात बाजरी खाता तुम्ही?"

आजी म्हणाली, "हो. वाढ गं त्यांना आणखी अर्धी."