रिकामी चौकट

वस्तू आहे, तिची नोंदही आहे, पण नोंदीवरून वस्तूपर्यंत पोहोचता येत नाही, ही अडचण सूचिकाराला जुनीच आहे. संगणकाने तिला एक चौकट तेवढी दिली. सेलू येथे घरोघरच्या जुन्या कागदांची सूची करताना आम्हांला अशा रिकाम्या चौकटींशी बरेच दिवस झगडावे लागले. त्यातून जे हाती आले ते साहित्याच्या अभ्यासकांना उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून हा प्रपंच.

परभणी जिल्ह्यातील हा भाग 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे येथील दप्तरांत मोडी मराठीच्या शेजारी उर्दू आणि फारसीही भेटते. आम्ही चार-पाच जण सुटीच्या दिवशी अशी दप्तरे पाहतो, प्रत्येक कागदाचे छायाचित्र घेतो आणि कागद घरच्यांच्या स्वाधीन करतो. संगणकावरील नोंदपत्रात क्रमांक, लिपी, अंदाजे काळ, मोडी मजकुराचे देवनागरी लिप्यंतर आणि शेवटी छायाचित्राची चौकट, अशी मांडणी आहे. कागद परत गेल्यावर त्याचे काय होईल हे आमच्या हाती नसते. एका घरचे बासन वाडा पाडताना दुधना नदीत विसर्जित झाले. जुनी अक्षरे रद्दीत घालू नयेत, पाण्यात सोडावीत, या समजुतीमागचा आदर खोटा नाही. मात्र त्या घरच्या कागदांना आता आमच्या छायाचित्रांवाचून दुसरा साक्षीदार उरलेला नाही.

संगणक बदलला आणि सर्व नोंदींतील चौकटी एकाएकी रिकाम्या झाल्या. मजकूर जागच्या जागी होता. चित्रे मात्र दिसेनात.

कारण शोधताना प्रथम एक भेद ध्यानी घ्यावा लागतो. चित्र डेटाबेसच्या पोटात ठेवता येते, किंवा चित्र बाहेर फोल्डरमध्ये ठेवून डेटाबेसमध्ये त्याचा केवळ पत्ता लिहिता येतो. लहान संस्थांत रुळलेल्या अॅक्सेससारख्या प्रणालीत एका फाइलची मर्यादा 2 जीबी आहे. शेकडो मोठी छायाचित्रे पोटात घातली की ती मर्यादा पाहता पाहता गाठली जाते. म्हणून पत्ता लिहिण्याची रीत अधिक सोयीची. पण पत्त्याचा दोष असा की घर हलले की तो निरर्थक होतो. जुन्या यंत्रावर चित्रे ‘डी’ ड्राइव्हवर होती, नव्यावर ती ‘ई’ ड्राइव्हवर आली. एक अक्षर बदलले आणि सारे पत्ते चुकीचे ठरले. उपाय साधा होता. रकान्यात संपूर्ण पत्ता न ठेवता फक्त फाइलचे नाव ठेवले, आणि ‘जेथे डेटाबेस आहे तेथीलच चित्रांच्या फोल्डरमध्ये पाहा’ अशी सूचना नोंदपत्राला दिली. बहुतेक चौकटी भरल्या.

काही तरीही रिकाम्याच होत्या. त्यांतील काही फाइलींना देवनागरी नावे होती. जुन्या पद्धतीच्या झिपमधून जाता-येता त्या नावांची प्रश्नचिन्हे झाली होती. काही छायाचित्रे आयफोनवर घेतलेली निघाली. 2017 पासून हे फोन ‘एचईआयसी’ नावाच्या प्रकारात चित्र साठवू लागले, आणि आमच्या नोंदपत्राला तो प्रकार वाचता येत नव्हता. नावे रोमन अंकांत दिली, चित्रे जेपीजीमध्ये रूपांतरित केली. हेही निस्तरले.

पत्त्याचा हा प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांना रोज भेटतो, फक्त ते त्याला या नावाने ओळखत नाहीत. ज्ञानेश्वरीचा संदर्भ ‘पृष्ठ 112’ असा दिला, तर आवृत्ती बदलताच तो निकामी होतो. अध्याय आणि ओवी यांचा क्रमांक दिला, तर पाठभेदांमुळे एखाद-दुसऱ्या ओवीचा फरक पडेल, पण वाचक योग्य जागी पोहोचेल. पहिला पत्ता छापखान्याचा, दुसरा ग्रंथाच्या आतला. जुन्या पोथीकारांनी प्रत्येक ओवीला आकडा घालण्याची जी शिस्त पाळली, तिचे मोल आम्हांला ‘डी’ आणि ‘ई’ यांनी नव्याने शिकवले.

सरतेशेवटी काही नोंदी अशा उरल्या की त्यांची चित्रे कोठेच नव्हती. पत्ता एका खाजगी लॅपटॉपमधील फोल्डरचा होता आणि तो लॅपटॉप केव्हाच निकालात निघाला होता. यातील काही कागद नदीत गेलेल्या बासनातले. आता उरले आहे ते केवळ लिप्यंतर. मोडीचे वाचन म्हणजे नुसती नक्कल नव्हे. तिथे शब्द सुटे नसतात, इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घ असा भेद नसतो. ‘दिन’ की ‘दीन’ हे वाचणारा ठरवतो. त्याचा निर्णय तपासायला अक्षरे समोर हवीत, आणि तीच आता नाहीत.

यावर एका सहकाऱ्याने सुचवले की त्याच काळातील, तशाच वळणाचे दुसरे पान चौकटीत लावावे. नोंदपत्र ओके-बोके दिसणार नाही. दुसऱ्याचे म्हणणे, पुरावाच नसेल तर नोंदी काढून टाकाव्यात. दोन्ही सूचना सद्हेतूने आल्या होत्या आणि दोन्ही आम्हांला मान्य झाल्या नाहीत. 1909 मध्ये राजवाड्यांनी बीड येथे मिळालेल्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली. ती मूळ पोथी पुढे अभ्यासकांना पाहायला मिळाली नाही. तिच्या जुनेपणाविषयी वाद झाले, शंका घेतल्या गेल्या; पण म्हणून राजवाडे प्रत कोणी अभ्यासातून बाद केली नाही, आणि तिच्या जागी दुसरी पोथी पुढे करून तीच ही असेही कोणी म्हटले नाही. महानुभाव परंपरेनुसार लीळाचरित्राची मूळ प्रत स्वारीच्या धामधुमीत नाहीशी झाली आणि पुढे ते आठवणीतून पुन्हा सिद्ध करावे लागले. त्याचे निरनिराळे पाठ आपण त्या जाणिवेसह वाचतो.

आम्ही त्या नोंदी ठेवल्या आहेत. चौकट रिकामीच आहे. तिच्याखाली कागद कोणी वाचला, केव्हा वाचला, मूळ कागदाचे काय झाले आणि कोणत्या शब्दांविषयी वाचणाऱ्याला संशय होता, एवढे लिहिले आहे. उरलेल्या छायाचित्रांच्या प्रती आता तीन वेगवेगळ्या घरी ठेवल्या आहेत.