जॉबच्या पोटात जॉब

गेल्या शुक्रवारी संध्याकाळी बॅग भरत होतो, तेवढ्यात लॅबमधली पीएचडीवाली मैत्रीण आली. "अरे, माझे चाळीसच्या चाळीस जॉब संपले. दहा सेकंदांत!"

एका माणसाच्या मेंदूच्या स्कॅनवर एफएसएलचं 'फीट' चालवायचं तर आमच्या क्लस्टरवर अर्धा-पाऊण तास जातो. आणि तिला सोमवारी गाईडला आकडे दाखवायचे होते. स्क्रिप्ट अर्थातच माझी. बॅग खाली ठेवली.

क्यूस्टॅट मारलं तर रांगेत तिच्या नावाने भलतेच जॉब! आमचं एफएसएल जुनं, ५.० चं. त्यात 'एफएसएल-सब' नावाची एक शेल स्क्रिप्ट असते. तिला एसजीई-रूट हा व्हेरिएबल दिसला की ती समजते, क्लस्टर आहे, आणि फीटची एकेक पायरी वेगळा जॉब म्हणून रांगेत लावते. टर्मिनलवर बसून फीट चालवणाऱ्याची मजाच. पण माझी स्क्रिप्ट आधीच क्लस्टरवरचा जॉब होती. फीटने आपले जॉब लावले आणि "झालं" म्हणून ते मोकळं झालं. मग माझ्या स्क्रिप्टने अर्धवट फोल्डर घरी कॉपी करून स्क्रॅच पुसून टाकला (जागा वाचवायची ना!). मागून आलेल्या जॉबना डेटाच सापडेना. मूळ स्कॅन सर्व्हरवर होते, म्हणून वाचलो.

एसजीई-रूट अनसेट करणं हा नेहमीचा उपाय. पण मग माझ्याच स्क्रिप्टमधलं क्यूस्टॅट बंद पडतं. म्हणून एफएसएल-सब उघडून वाचायला बसलो. बघतो तर लिहिणाऱ्यांनी याचा विचार आधीच केलेला! 'एफएसएल-सब-ऑलरेडी-रन' हा व्हेरिएबल ट्रू असेल तर नवे जॉब लागत नाहीत, सगळं जागच्या जागी एकापाठोपाठ चालतं. एफएसएल-सबमधून जॉब गेला की तो आपोआप ट्रू होतो. मी शहाणा, थेट क्यूसब वापरलं होतं! (नव्या आवृत्त्यांत एफएसएल-सब पायथनमध्ये आहे, तिथे कॉन्फिग फाइलमध्ये मेथड 'शेल' ठेवायची.)

फीटच्या वर एक एक्स्पोर्टची ओळ टाकली आणि एकच माणूस चालवून बघितला. वीस मिनिटं झाली तरी जॉब संपेना. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मग जुना कचरा क्यूडेल केला आणि चाळीस पुन्हा लावले. पायऱ्या एकापाठोपाठ गेल्या तरी माणसं समांतर चालतातच, त्यामुळे वेळेचं फारसं नुकसान नाही.

शनिवारी सकाळी तिचा मेसेज आला. "३९ झाले, १ पडला."

त्या फाइलच्या नावात स्पेस होती. ती मात्र तिची.