दशांश सेकंदाची जबाबदारी

पुण्यात संरक्षण क्षेत्रातल्या कंपनीत रुजू झाले. मोबाइल गेटवरच जमा, आत इंटरनेट नाही. कोडची एक ओळ बदलली तरी का बदलली, कोणी तपासली, कोणत्या चाचणीतून गेली, याची लेखी नोंद लागते. सुरुवातीला जीव मेटाकुटीला यायचा. मग १९९१ साली आखाती युद्धात सौदी अरेबियातल्या धाहरानमध्ये झालेल्या दुर्घटनेबद्दल वाचलं. तिथली पॅट्रियट ही क्षेपणास्त्रं पाडणारी यंत्रणा सलग शंभर तास चालू होती. ती वेळ दशांश सेकंदात मोजायची, पण दशांश सेकंद बायनरीत नेमका मांडता येत नाही. ती बारीक चूक साठत साठत सेकंदाच्या एक तृतीयांशावर गेली. त्यामुळे इराकचं स्कड क्षेपणास्त्र अडवलं गेलं नाही, २८ अमेरिकी सैनिक गेले. आता प्रत्येक नोंद मी मनापासून करते. माझ्या कोडवर विसंबून कुणीतरी सीमेवर उभं असणार आहे. माझं काम चोख असायलाच हवं.